भेंडीच्या पाण्याची तार

आमच्या शेतात दोन विहिरी होत्या आणि दोन्हींचं पाणी दिसायला सारखंच होतं. तांब्यात घेऊन उन्हात धरलं तरी फरक कळायचा नाही. एक गोडी, एक खारी. गोडी लांब, उसाच्या फडापलीकडं लिंबाखाली. खारी आमच्या गुऱ्हाळाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर. ती माझ्या आजोबांनी खोदली होती. पाणी लागलं तेव्हा त्यांनी नारळ फोडला, पहिला घोट घेतला आणि थुंकून टाकला, असं माय सांगायची. तिथली जमीन चोपण, तिच्यातलं मीठ पाण्यात उतरलेलं. पण एवढी पहार चालवून खोदलेली विहीर कोण बुजवतं? ती राहिली. तिच्या पाण्यानं भांडी घासायची, सारवण करायचं, गुऱ्हाळाची काहील धुवायची. त्या पाण्यात तुरीची डाळ टाकली तर दुपार टळली तरी दाणा बोटानं दबत नसे. साबण लावला तर फेस यायचा नाही, फाटलेल्या दुधासारखा चोथा व्हायचा. बैलसुद्धा फारच तहानले तर तोंड लावायचे आणि लगेच मान वर करायचे. आम्हाला हे सगळं ठाऊक होतं. का होतं ते कुणी विचारलं नव्हतं.

गाव रेणापूरपासून कोसभर. मी चौथी पास झाले आणि माझी शाळा संपली, कारण पाचवीला रेणापूरला जावं लागायचं आणि मुलीला तेवढं चालत कोण पाठवतं. त्याचं मला तेव्हा फार वाईट वाटलं असं सांगितलं तर खोटं होईल. शाळेत मास्तर छडीनं मारायचे, घरी माय हातानं मारायची, एवढाच फरक. अकरा वर्षांच्या मुलीला घरात काम कमी नसतं. पाणी, शेण, जात्यावर मायसमोर बसून दळण, आणि दिवाळीनंतर गुऱ्हाळ लागलं की रानभेंडी चेचणं. हे शेवटचं काम माझंच होतं. त्याचीच ही हकिकत आहे.

गुऱ्हाळ लागलं की घर शेतात जायचं. पहाटे बैल चरकाला जुंपले की चरकाचा करकर आवाज सुरू व्हायचा, तो दिवस मावळेपर्यंत. गोड्या विहिरीकडून मोटेचं चाक कुरकुरायचं, मोट रिकामी झाली की पाण्याचा धबाका ऐकू यायचा. काहिलीखालच्या चुलवणात चिपाडं टाकली की आधी तडतड आणि मग एकदम धाप लागल्यासारखा जाळाचा आवाज. काहिलीत रस उकळायला लागला की त्याचाही आवाज बदलत जायचा. सुरुवातीला पातळ, खळखळ. गूळ जवळ आला की जड, गपगप, जसं कुणी चिखलातून पाय उपसतंय. डोळे मिटून सांगता यायचं आधण कुठवर आलंय. एका काहिलीच्या गुळाला आमच्याकडं आधण म्हणतात. दिवसाकाठी तीन आधणं निघायची. जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, आंबाडीची भाजी, आणि काकवी हवी तेवढी. काकवी म्हणजे गूळ होण्याआधीचा पातळ पाक. दोन दिवस आवडते. तिसऱ्या दिवशी सगळे ठेच्याकडं वळतात. शहरातले लोक गुऱ्हाळावर येऊन काकवी, काकवी करतात तेव्हा मला हसू येतं.

गूळ करणारा माणूस बाहेरून यायचा. त्याला गुळव्या म्हणतात. आमचा गुळव्या शिवलिंगप्पा, निलंग्याच्या पलीकडचा, अर्धी कानडी अर्धी मराठी बोलणारा. गळ्यात लिंग, डोक्याला लाल पटका, दोन्ही हातांवर पाकाचे जुने चट्टे. सगळे त्याला आप्पा म्हणायचे. तो मला नावानं हाक मारायचा नाही, अव्वा म्हणायचा. त्यांच्यात लहान मुलीलाही अव्वा म्हणतात, म्हणजे आई. मला ते ऐकायला बरं वाटायचं, कारण घरात मला गयी म्हणत आणि तेही ओरडून.

उसाच्या रसात माती असते, कचरा असतो, हिरवट काहीतरी असतं. ते काढलं नाही तर गूळ काळा होतो, चिकट होतो, पावसाळ्यात त्याला पाणी सुटतं. म्हणून रस तापला की त्यात थोडी चुन्याची निवळी टाकायची आणि भेंडीचं पाणी. रानभेंडीची हिरवी झाडं आणून त्यांचे सोट दगडावर चेचायचे, घागरीतल्या पाण्यात घालून हातानं चोळायचे. पाण्याला असा चिकटपणा येतो की हात वर उचलला तर बोटांपासून घागरीपर्यंत तार लोंबते. ते पाणी उकळत्या रसात ओतलं की सगळी घाण त्याला धरून वर येते, मळीचा जाड थर होतो आणि आप्पा तो झाऱ्यानं काढून फेकतो. खाली रस असा निवळ राहतो की काहिलीचा तळ दिसतो. आप्पा रोज सकाळी एवढंच म्हणायचा, "अव्वा, पाणी गोड्या विहिरीचं." मी हाव म्हणायची.

घरात मी, माय, आबा, माझा थोरला भाऊ दादा आणि वहिनी. वहिनीचं नाव कौसा, माहेर मुरूड. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. ती फार बोलायची नाही. कामाला दांडगी होती. भाकरी अशी थापायची की परातीवर तिच्या हाताचा ताल ऐकून बाहेर बसलेल्याला भूक लागावी. माझी आणि तिची मैत्री होती असं नाही. ती माझ्या वाटणीचं थोडं काम करायची, मी तिची चुगली करायची नाही. त्या काळात त्याला पुष्कळ म्हणत. मायला ती नको झाली होती. मायची मावसबहीण औश्याकडं होती, तिची मुलगी लग्नाची होती, आणि ती मुलगी वरचेवर मायच्या बोलण्यात यायला लागली होती. वहिनी ऐकायची आणि भाकरी थापायची.

त्या दिवशी मी उशिरा उठले. गारठा होता. भेंडीचा भारा दगडाशी पडला होता, घागर रिकामी होती. गोड्या विहिरीला जायचं म्हणजे फडाच्या कडेनं, दहिवरानं भिजलेल्या पाचटातून, पाय कापत. खारी समोरच होती. मी खारीत घागर बुडवली. यापेक्षा जास्त काही कारण नव्हतं. कंटाळा आला होता. नंतर माणसं विचारतात की एवढं मोठं झालं ते कशामुळं, आणि त्यांना काहीतरी मोठं कारण पाहिजे असतं. मला कंटाळा आला होता.

भेंडी चेचली, चोळली. पाणी हिरवट झालं पण हाताला धरेना. मला वाटलं, गारठ्यामुळं असेल. घागर जड होती, तेवढ्यात वहिनी भाकरीची दुरडी घेऊन आली. तिनं दुरडी खाली ठेवली, घागर उचलली आणि आप्पाच्या हातात दिली. आप्पानं ओतली. मळी आली, पण थर धरेना. नुसती तुकड्यातुकड्यानं फिरत राहिली, जशी ताकात लोण्याची कणी फिरते आणि गोळा होत नाही. आप्पा म्हणाला, भेंडी शिळी दिसते, अजून चेच. मी अजून चेचली. पुन्हा खारीचंच पाणी, कारण आता चार माणसांसमोर विहीर बदलली असती तर आधी कुठलं घेतलं ते कळलं असतं. पहिलं आधण काळं उतरलं. दुसरं काळं. तिसऱ्याला आप्पानं चुना बदलला, रस कापडातून दोनदा गाळला, स्वतःच्या कपाळाला भस्म लावलं. तिसरं डांबरासारखं. ढेप भांड्यातून निघेना.

आप्पानं काहिलीकडं बघितलं, मग उसाकडं, मग माणसांकडं. ऊस कालचाच, फड तोच, चुलवण तेच. त्यानं हळूच आबांना विचारलं, "मालक, गुऱ्हाळाला कुणी शिवलं का?" शिवलं म्हणजे काय ते सगळ्यांना समजलं. बाई महिन्याच्या चार दिवसांत बाहेर बसायची, चुलीला शिवायची नाही, देवाला नाही, लोणच्याला नाही, आणि गुऱ्हाळाला तर मुळीच नाही. गूळ नासतो अशी सगळ्यांची खात्री होती. मायनं बोटांवर दिवस मोजले. मोजताना तिचे ओठ हलत होते. मग ती वहिनीकडं वळली आणि म्हणाली, "कौसे, खरं सांग." वहिनीनं मान खाली घातली आणि पदराचं टोक मुठीत धरलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मी तिथंच उभी होते, हात भेंडीनं हिरवे, आणि मीही काही म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा तिला एसटीनं मुरूडला घेऊन गेला. ऊस सरेपर्यंत राहू दे, असं म्हणून. पण तिनं जाताना आपली पेटी नेली आणि मायनं ती नेऊ दिली, यावरून मला कळलं की हे ऊस सरेपर्यंतचं नाही. दादा त्याच दिवशी लातूरहून परतीच्या गाडीनं आला आणि बैल सोडायला गेला. माझा भाऊ वाईट नव्हता. तो काहीच नव्हता.

त्याच सकाळी मी फडाच्या कडेनं गोड्या विहिरीला गेले. भीतीनं गेले, शहाणपणानं नाही. पाय कापले. भेंडीची तार बोटांपासून गुडघ्यापर्यंत लोंबली. मळी अशी आली की झाऱ्याला पेलेना, आणि गूळ उतरला पिवळाधमक. माय म्हणाली, "बघा." एवढंच. सगळ्यांनी बघितलं. वहिनी गेली आणि गूळ पिवळा झाला. यापुढं आणखी पुरावा काय पाहिजे? फक्त मला ठाऊक होतं की एका रात्रीत दोन गोष्टी बदलल्या होत्या, वहिनी आणि पाणी, आणि लोकांना त्यातली एकच दिसली होती. खरं तर मलाही नक्की ठाऊक नव्हतं. मी अकरा वर्षांची होते आणि विटाळावर माझाही विश्वास होता. दोन्हींमधलं कोणतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला आणि उठेना.

माझी नात नांदेडला रसायनशास्त्र शिकते. तिच्या प्रयोगशाळेत एक काचेची वाकडी नळी आहे. तिच्यात पाणी भरायचं आणि वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं. मग त्यात डिंकासारखं काही घालायचं आणि पुन्हा मोजायचं. मग मीठ घालायचं आणि पुन्हा. मी तिला म्हटलं, हे तर मी तांब्यात केलं होतं. ती हसली, पण मग तिनं खाली बसून सगळं विचारून घेतलं, कोणतं झाड, कोणता भाग, किती चेचायचं. असं विचारणारं माणूस मला आवडतं.

मी केलं ते असं. दुपारी सगळे भाकरी खायला बसले तेव्हा दोन तांबे घेतले. एकात गोडीचं पाणी, एकात खारीचं. एकाच सोटाचे दोन तुकडे केले, एकाच दगडावर चेचले, दोन्हींत घातले आणि दोन्ही सारखेच चोळले. गोडीच्या तांब्यात बोट घालून वर उचललं, तार आली. खारीच्या तांब्यात उचललं, थेंब पडले. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तेव्हा मला समजलं की गूळ वहिनीनं नाही, मी काळा केला. दोन्ही तांबे ओतून टाकले, घासून ठेवले आणि कुणाला काही सांगितलं नाही.

पाच दिवस सांगितलं नाही. हे लिहिताना मी ते दिवस कमी करू शकले असते, पण पाचच होते. मारायची भीती होती, ती खरी. सांगावंसं वाटलं तेही काही फार चांगल्या कारणानं नाही. वहिनी गेली आणि तिचं सगळं काम माझ्यावर आलं. दळण, पाणी, सगळ्यांच्या भाकरी. माझ्या भाकरीला भेगा पडायच्या आणि आबा न बोलता त्या खायचे. पाचव्या दिवशी माय आबांना सांगत होती की शिवरात्र झाली की औश्याला जाऊन मुलगी बघून यावी. आबा म्हणाले, आधी ऊस सरू दे. ते नाही म्हणाले नाहीत. मला दिसलं की ऊस आठ दिवसांत सरणार आहे.

दुपारी आप्पा चुलवणाच्या आडोशाला भाकरी खात होता. मी जाऊन उभी राहिले.

"आप्पा, त्या दिशी भेंडी मी खाऱ्या हिरीच्या पाण्यात चेचली होती."

तो चावत राहिला. घास गिळून म्हणाला, "कामून?"

"कंटाळा आला होता."

त्यानं मला शिवी दिली नाही. तांबे घेऊन ये म्हणाला. मी त्याच्यासमोर पुन्हा सगळं केलं. त्यानं दोन्ही तांब्यांत बोटं घातली, अंगठा आणि तर्जनी जवळ आणून हळूहळू फाकवली, जसा तो पाकाची तार बघायचा तशी. गोडीचं पाणी बोटांमध्ये लांबत गेलं. खारीचं लगेच तुटलं. मग त्यानं असं काही केलं जे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. भाकरीच्या फडक्यातून मिठाचे खडे काढले, दगडावर चुरले आणि गोडीच्या तांब्यात चिमूट टाकून ढवळलं. बोटं घातली. तार होती, पण आखूड. अजून एक चिमूट. अजून एक. आणि मग तार आलीच नाही. तेच पाणी, तीच भेंडी, आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत पाण्यासारखी पातळ झाली.

आप्पानं तांब्या खाली ठेवला. "तीस वर्सं गूळ करून राहिलो," तो म्हणाला. "गोडं पाणी घे, एवढं बापानं सांगितलं. कामून ते न्हाई सांगितलं. त्यालाबी ठाऊक नसंल."

नातीनं मला ते कामून सांगितलं. तिचं म्हणणं असं. पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात, पण एका जागी नाही. क्षणात सोडतात, क्षणात दुसऱ्याला धरतात. भेंडीचा चिकटपणा म्हणजे फार लांबलांब धागे. त्या धाग्यावर जागोजागी एकाच जातीचा विजेचा भार असतो, म्हणून धाग्याचे भाग एकमेकांना लोटतात आणि धागा ताणून उभा राहतो. त्याच्या अवतीभवती पाणी अडकतं, त्याला मोकळं वाहता येत नाही, म्हणून तार. मीठ विरघळलं की त्याचेही भार असलेले कण होतात. प्रत्येक कण आपल्याभोवती पाण्याचा घोळका जमवतो, आणि काही कण धाग्यापाशी जाऊन त्याचा भार झाकून टाकतात. लोटालोटी थांबली की धागा गोळा होऊन पडतो, केस पाण्यातून काढल्यावर चिकटून बसतात तसा. पाणी मोकळं. मी म्हटलं, म्हणजे खारं पाणी आधीच मिठाच्या दारात राबत असतं, भेंडीसाठी त्याला सवड नसते. ती म्हणाली, "आजी, तेवढं सोपं नाही, पण चालंल." मिठाच्या कणाचा जोर पाण्यात किती लांबपर्यंत पोचतो, शेजारच्या पाण्यापुरताच की त्याही पलीकडं, यावर अजून शिकलेल्या माणसांची भांडणं आहेत म्हणे. मला बरं वाटलं. आप्पाच्या बापाला ठाऊक नव्हतं, यात त्याचा फार दोष नव्हता.

आप्पानं मला विचारलं की आबांना कोण सांगणार. मी म्हटलं, तुम्ही. तो म्हणाला, मार तुलाच बसंल. मी म्हटलं, बसू द्या. तो उठला, हात धुतले आणि काहिलीजवळ उभ्या असलेल्या आबांकडं गेला. माय तिथंच ढेपा पुसत होती.

"मालक, सूनबाईला आणा," तो म्हणाला. "पाणी बघायचं सोडून मी बाईमानसाचं विचारलं. चूक माझी हाय." आणि दोन्ही तांबे पुढं ठेवून त्यानं सगळं करून दाखवलं.

आबांनी बोटं घालून बघितली. मायनं बघितली नाहीत. ती म्हणाली, "पण ती शिवली होती का नव्हती, त्ये सांग."

"ते मला ठाऊक न्हाई, अव्वा," आप्पा मायला म्हणाला. "त्यानं गूळ काळा झाला न्हाई, एवढं ठाऊक हाय."

मायनं मला चिपाडानं मारलं. चिपाड मोडलं, मग हातानं. आबांनी मध्ये पडायला हवं होतं असं मला वाटलं नाही. मार माझा होता. ते दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः मुरूडला गेले, बरोबर एक पिवळी ढेप घेऊन. व्याह्यांना काय सांगितलं ते मला कधी कळलं नाही. संध्याकाळी वहिनी परत आली. पेटी आबांच्या डोक्यावर होती. सासऱ्यानं सुनेची पेटी डोक्यावर घेऊन गावातून यायचं, हे आमच्याकडं कुणी पाहिलं नव्हतं. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. आबांनी कुणाला काही सांगितलं नाही, पण ते मुद्दाम मधल्या गल्लीनं आले.

दुसऱ्या दिवशी मी दगडावर भेंडी चेचत होते. वहिनी येऊन शेजारी बसली. इकडंतिकडं बघून म्हणाली, "गया, माझ्यापायी खोटं बोललीस व्हय?"

मी म्हटलं, खोटं कसलं?

"मी खरंच बाहेरची होते त्या दिशी," ती म्हणाली. मागच्या महिन्यात ऐन खुडणीत बाहेर बसली म्हणून मायनं आठ दिवस बोलून घेतलं होतं. या वेळी गुऱ्हाळ लागलेलं, भाकरी करायला दुसरं कोण होतं? म्हणून तिनं सांगितलं नाही. आणि गूळ काळा झाला तेव्हा तिला वाटलं, झालं, माझ्यामुळंच. मुरूडला ती आईजवळ रडलीसुद्धा नव्हती, कारण दोष आपला आहे हे तिनं मान्य करून टाकलं होतं. आता ती माझ्याकडं अशी बघत होती, जणू मी तिच्यासाठी पाप केलंय.

मला राग आला. मी उठले, दोन तांबे आणले, दोन विहिरींचं पाणी आणलं, फडाच्या कडेनं जाऊन. तिच्या हातात सोट दिला आणि म्हटलं, तूच चेच. तिनं चेचला. तिनंच चोळला. एका तांब्यातून तार आली, दुसऱ्यातून नाही. ती म्हणाली, पुन्हा कर. पुन्हा केलं. मग तिनं तांब्यांच्या जागा बदलल्या, मला तोंड फिरवायला लावलं आणि एकटीनं केलं. पुन्हा तेच. तिनं ती तार बोटांवर घेतली. ती वाळून पापुद्रा झाली तरी पुसली नाही.

त्यानंतर वर्षभर आमच्यात या विषयावर एक शब्द झाला नाही. औश्याच्या मुलीचं दुसरीकडं लग्न झालं, आम्ही सगळे जेवून आलो. वहिनीला मूल पुढं झालं, पण ते या हकिकतीत नाही. माझी नात त्या दिवसांत स्वयंपाकघरात येते, देवाजवळ दिवा लावते, आणि मी विचारत नाही. तिच्या आईला वाटतं म्हातारी सुधारली. म्हातारी सुधारली नाही, तिनं तांबे बघितलेत.

पुढच्या वर्षी गुऱ्हाळ लागलं. पहिल्या आधणाच्या पहाटे मी दगडाशी गेले तर वहिनी आधीच तिथं होती. भेंडी चेचून झाली होती, घागर भरलेली, पायांवर पाचटाचे ओरखडे. मी घागरीत हात घालून वर उचलला. तार गुडघ्यापर्यंत आली. वहिनी माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आज दुसरा दिवस हाय."

मी आप्पाकडं बघितलं, तो चुना निवळत होता. मायकडं बघितलं, ती काहिलीला हळदीकुंकू लावत होती. मी म्हटलं, "पाणी कुठलं?"

"गोड्या हिरीचं."

"मग दे."

तिनं घागर उचलली आणि आप्पाच्या हातात दिली. मी काहिलीच्या कडेला उभी राहून बघत होते. वरून शांत होते, आतून नव्हते. तांब्यात झालं ते काहिलीत होईलच, हे मला कुणी लिहून दिलं नव्हतं. मळीचा थर एकसंध वर आला. आप्पानं तो काढला तेव्हा खाली काहिलीचा तळ दिसला. दुपारपर्यंत ढेप निघाली, हळदीच्या गाठीसारखी पिवळी.

आमच्यात पहिल्या आधणाची ढेप गावच्या देवीला जाते. माय ती त्याच संध्याकाळी डोक्यावर घेऊन अनवाणी देवळात गेली, मागून वहिनी आणि मी. पुजाऱ्यानं देवीपुढं ढेप ठेवली, फोडली, प्रसाद म्हणून वाटली. मायनं खडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "औंदा लई चोख उतरलाय." वहिनीनं आपला खडा खाल्ला. मग पुजाऱ्यापुढं हात करून तिनं अजून एक मागून घेतला.